पाय बुडवल्याशिवाय आत नाही

"तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच," डॉक्टर म्हणाले. मी शाल गुंडाळून, दात वाजवत नंदुरबारच्या त्या दवाखान्यात त्यांच्यासमोर बसले होते. मनात पहिला विचार काय आला सांगू? कमी असतील बाई, पण नाहीतच म्हणजे काय! लॅबवाल्याने घोळ घातला असणार. तसं मी बोलणारही होते, पण दुखऱ्या घशातून आवाज फुटेना.

घोळाची शंका डॉक्टरांनाही असावी. त्यांनी पुन्हा रक्त काढायला लावलं. आमचे मिस्टर रिपोर्टच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले ते तिथून हललेच नाहीत. रिपोर्ट आला तो तसाच होता.

"अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस," डॉक्टर म्हणाले. मला ते नाव अजून एका दमात म्हणता येत नाही. अर्थ मात्र सोपा आहे. अंगात जंतू शिरला की सगळ्यांत आधी धावून जाऊन त्याला गिळून टाकणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. त्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रोज नव्याने तयार होतात, कारण त्यांचं आयुष्यच फार थोडं असतं. माझ्या मगजाने त्या बनवणं थांबवलं होतं. आणि ते थांबवलं होतं मी रोज सकाळी न चुकता घेत असलेल्या एका गोळीने.

गोळी थायरॉईडची. थायरॉईड कमी असल्याची नव्हे, जास्त असल्याची. माझं वजन उतरत होतं, छाती धडधडायची, आणि हात असे थरथरायचे की पिल्लाच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकताना तो चोचीवर पडायचा. मी नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीवर सुपरवायझर आहे. हात थरथरून कसं चालेल! म्हणून याच डॉक्टरांनी कार्बिमॅझोल सुरू केली होती. धडधड थांबली, हात स्थिर झाले, मी खूश.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवा आणि ताबडतोब रक्त तपासा. क्वचित कुणाला ही गोळी बाधते." मी मान डोलावली होती. पण आता मला सांगा, पोल्ट्रीवरच्या माणसाचा घसा कधी दुखत नाही? वारा पडला की शेडखाली साचलेल्या विष्ठेतून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. आमच्याकडे सगळेच सकाळी खाकरत कामाला येतात. घसा धरला तेव्हा मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यायले, पडदे वर करून शेडमध्ये हवा खेळती केली आणि गोळी चालूच ठेवली. ताप आला तेव्हा तापाची गोळी घेतली. तोंड आतून सोलून निघालं, थुंकीसुद्धा गिळवेना, तेव्हा कुठे मिस्टरांनी मला गाडीत घातलं.

"आता काय?" मिस्टरांनी विचारलं.

"गोळी आजपासून कायमची बंद. मगजाला जागं करायला रोज एक इंजेक्शन, जंतूंसाठी अँटिबायोटिक सलाईनमधून. बहुतेकांच्या पेशी परत येतात. प्रश्न एवढाच आहे की त्या येईपर्यंत जंतूंनी यांना गाठू नये," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या काळात साधा जंतूही जीव घेऊ शकतो. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "पण मी सगळ्या लसी घेतल्यात ना?" कोंबड्यांना टोचण्यात जन्म गेला, दुसरं काय सुचणार!

ते हसले नाहीत. म्हणाले, "लस ज्यांना शिकवते त्या पेशी वेगळ्या. त्यांना लिम्फोसाइट म्हणतात. त्या जंतू ओळखून लक्षात ठेवतात, पण त्यांना तयारीला वेळ लागतो. तुमच्या ज्या थोड्या पांढऱ्या पेशी उरल्यात त्या याच. गेल्यात त्या पहिल्या धावणाऱ्या."

मला कोपऱ्यातल्या एकट्या खोलीत नेलं. याला रिव्हर्स आयसोलेशन म्हणतात. एरवी रोग्यापासून लोकांना वाचवतात, इथे लोकांपासून रोग्याला वाचवायचं. दाराला एक काचेची चौकोनी पट्टी होती. बाहेर हात धुण्याचं बेसिन. आत येणाऱ्याने हात धुवायचे, मास्क लावायचा. फुलं नाहीत, कापलेली फळं नाहीत, काकडी-टोमॅटो नाहीत, पाणी उकळलेलं. आणि भेटायला कुणीही नाही.

या खोलीच्या मालकीण होत्या पाटील सिस्टर. नंदुरबारच्याच. रागावल्या की छापील मराठी बोलायच्या आणि माया आली की अहिराणी. येतानाच विचारायच्या, "काय माय, घसा कसा शे? पानी गियाले जमस का?" म्हणजे पाणी गिळता येतं का. मी मान हलवली की स्वतः चमच्याने पाजून बघायच्या. दर थोड्या वेळाने कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुवायचं, लहान मुलाच्या मऊ ब्रशने दात घासायचे, रोज अंग पुसायचं, सलाईनची सुई जिथे टोचलीय ती जागा हलकेच दाबून बघायची. मला वाटायचं, औषध तर सलाईनमधून जातंय, ही बाई उगाच माझ्या तोंडामागे का लागलीय? अहो, आपल्या तोंडातच कोट्यवधी जंतू राहतात. एरवी पांढऱ्या पेशी त्यांना धाकात ठेवतात. आता धाक गेला होता, आणि पेशींच्या जागी एकट्या सिस्टर उभ्या होत्या.

माझ्या डाव्या अंगठ्याला कोंबडीने चोच मारलेली होती. ती जखम सिस्टर दिवसातून कितीदा बघायच्या! ना लाल, ना सुजलेली, ना पू. नुसती फिकट, आणि आतून ठणकणारी. मी म्हटलं, "बरी दिसतेय की." तर त्या म्हणाल्या, "हेच तर बरं नाही." तेव्हा मला कळलं की जखम लाल होते, फुगते, पिकते ते नुसत्या जंतूंमुळे नाही, आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात म्हणून. पू म्हणजे लढून मेलेल्या पेशी. माझ्याकडे मरायलाही पेशी नव्हत्या. म्हणून आत काही पेटलं तरी वर दिसणार नव्हतं. "जरा जरी कुठे दुखलं तरी लाजायचं नाही, लपवायचं नाही," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला. आणि त्याच दुपारी आमच्या गावाहून जीप भरून बायका आल्या.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या डोंगराकडच्या गावांत कुणी आजारी पडलं की प्रार्थनेची मंडळी येतात, खाटेभोवती उभी राहतात, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. हात ठेवल्याशिवाय ती प्रार्थना पुरी झाली असं कुणाला वाटत नाही. आमच्या गावात हा हात माझ्या सासूबाईंचा. बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यांचाच हात लागतो. आता खुद्द त्यांची सून पडली होती.

"आत जाता येणार नाही," पाटील सिस्टर छापील मराठीत म्हणाल्या.

"मी तिची सासू आहे," आई म्हणाल्या.

"कुणीही असा. तुमच्या मागच्या ताई केव्हापासून नाक पुसतायत. एक शिंक पुरे आहे."

बायकांत कुजबुज सुरू झाली. एवढ्या लांबून आलो, हाकलून देतात की काय! मिस्टर मध्ये सापडले, आईंकडे बघतात, सिस्टरांकडे बघतात. आईंचा आवाज चढला, "गावभर सगळ्यांना हात लावला आणि माझ्याच लेकराला लावू नको? देवाच्या कामाला कसली आडकाठी? माझ्या हाताला काय रोग झालाय?"

मी सगळं ऐकत होते. खरं सांगते, मला आईंचा हात हवा होता. मी मरणार असेन तर त्या हाताशिवाय मरायचं नव्हतं मला. नुसती हात पसरून रडले असते, तर मिस्टरांनी दार उघडलं असतं. पण 'माझ्या हाताला काय रोग झालाय' असलंच वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

आई मला पोल्ट्रीवर डबा घेऊन येतात. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचा टब असतो, त्यात पाय बुडवल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. मालकालासुद्धा नाही. बर्ड फ्लूने होरपळलेल्या नवापुरात कोंबडी पाळणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, एकाच्या चपलेला लागून आलेली घाण अख्खं शेड झोपवते. आणि दर वेळी आई चिडतात, "माझ्या पायाला काय रोग झालाय?" दर वेळी मी म्हणते, "तुमच्या पायाला नाही हो, पण कोंबड्यांना सोसणार नाही." मग त्या तोंड वाकडं करून एक पाय कसाबसा ओला करतात.

काचेपलीकडे पोचेल एवढा आवाज नव्हता. मी सलाईनचा स्टँड धरून उठले. काचेपर्यंत गेले, काचेवर टकटक केलं. आईंनी बघितलं. मी माझा एक पाय उचलला आणि टबात बुडवल्यासारखा खाली टेकवला. मग दुसरा. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ही बघा, आता शेडमधली कोंबडी मी आहे.

आईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्या हसल्या, आणि हसता हसता पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागल्या. बायकांकडे वळून आमच्या बोलीत म्हणाल्या, "मागे व्हा. सगळ्या मागे व्हा. तिला सोसणार नाही." त्या दिवशीची प्रार्थना बाहेर अंगणात झाली. मला नुसता सूर ऐकू येत होता. सिस्टर मला पलंगापर्यंत धरून नेत म्हणाल्या, "घाबरू नको माय, मी आठेच शे," म्हणजे इथेच आहे. आणि लगेच, मी न विचारता उठले म्हणून, छापील मराठीत रागावल्या.

त्यानंतर आई घरी गेल्याच नाहीत. बेसिनपाशी स्टूल टाकून बसल्या. आमच्या चर्चचे पाळक आले, आईंनी त्यांनाही हात धुवायला लावले आणि धुऊन झाल्यावर काचेबाहेरच थांबवलं! सिस्टर मला म्हणाल्या, यांना आम्ही नोकरीलाच ठेवतो.

हसण्यासारखं तेवढंच. दुसऱ्या दिवशी माझं बीपी खाली आलं. हातपाय गार, डोकं गरगरत होतं, खोलीतली माणसं लांब गेल्यासारखी वाटत होती. याला सेप्सिस म्हणतात, जंतुसंसर्ग सगळ्या शरीरावर उलटणं. अँटिबायोटिक बदललं, सलाईन वाढवलं. डॉक्टर दाराबाहेर मिस्टरांना म्हणाले, "अँब्युलन्स सांगून ठेवा. संध्याकाळपर्यंत बीपी सावरलं नाही तर सुरत." मला ते स्पष्ट ऐकू आलं. सुरतेचा रस्ता नवापूरवरूनच जातो. मी पडल्या पडल्या विचार करत होते, घराजवळून जाईन आणि घरी राहिलेल्या माझ्या मुलीला मी दिसणारही नाही. मला फार भीती वाटली. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाटील सिस्टर त्या दुपारी जेवायला गेल्या नाहीत. पट्टा बांधायच्या, बीपी बघायच्या, सलाईनचा वेग बदलायच्या, पुन्हा पट्टा. त्यांच्या कपाळाकडे बघून मी ओळखायचा प्रयत्न करायचे. कितीतरी वेळ कपाळावरची आठी तशीच होती. मग एकदा त्यांनी पट्टा सोडला आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. दाराबाहेरच्या मिस्टरांना हाक मारून म्हणाल्या, "गाडीवाल्याला थांबू नको म्हणून सांगा."

ताप उतरायला लागला, पण रिपोर्ट हलेना. रोज सकाळी रक्त जायचं, रोज डॉक्टर मान हलवायचे. "मगज अजून झोपलंय." मी मनातल्या मनात त्या मगजाला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

मग एका सकाळी सिस्टरांनी माझा अंगठा हातात घेतला आणि उजेडाकडे वळवून बघितला. अंगठा सुजला होता, टरारला होता, आणि चोचीच्या खुणेपाशी पिवळा ठिपका होता.

"लाल व्हयना! देख माय, लाल व्हयना! पू शे!" त्या ओरडल्या. लाल झाला, म्हणत होत्या. काचेबाहेर आई उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काही भलतंच झालं. पू बघून नाचणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. रिपोर्ट दुपारी आला. तोवर आम्हा दोघींना उत्तर माहीत होतं. पेशी आल्या होत्या.

ही गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती हजारोंना चालते. पण तुम्ही घेत असाल आणि घसा दुखला, ताप आला, तर अमोनिया, हवा, आईस्क्रीम, कशालाही दोष देत बसू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा. आणि घरात असा आजारी असेल तर दारातून परत फिरायला लाजू नका. त्याच्यासाठी तेवढं करा. माझ्या थायरॉईडवर पुढे सुरतेला दुसरा इलाज झाला, तो सुखरूप पार पडला. पाटील सिस्टरांना मी रोज मनात नमस्कार करते.

पोल्ट्रीवर परतले त्या पहिल्या दिवशी आई डबा घेऊन आल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही पाय टबात बुडवले, चांगले घोट्यापर्यंत. मग डबा खाली ठेवून नळावर गेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आता?" त्यांनी विचारलं.

मी डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी आपला ओला, गार हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि राहिलेली प्रार्थना पुरी केली.