गाण्यांचे सेल वेगळे

शिडीवरून पडेपर्यंत त्याला सगळे फ्यूज म्हणत. कारखान्यात कुठेही दिवे गेले की "फ्यूजला बोलवा रे" असा पुकारा व्हायचा, आणि हा कमरेला पक्कड नि टेस्टर लटकावून, तोंडानं काहीतरी गुणगुणत हजर. पडल्यानंतर मात्र ते नाव कोणी घेईना. डोक्याला मार लागलेल्या माणसाला फ्यूज कसं म्हणायचं? मित्र भेटायला यायचे, जीभ चावायचे आणि कागदोपत्री असलेल्या नावानं हाक मारायचे. ते नाव ऐकलं की त्याला वाटायचं, आता आपली तब्येत विचारतील.

दिसायला तो अगदी धडधाकट होता. हात चालत होते, पाय चालत होते, जुनं सगळं जागच्या जागी होतं. कारखान्यातल्या कुठल्या मोटारीला कोणता स्विच, हे तो झोपेतही सांगू शकला असता. नवं तेवढं टिकत नव्हतं. हातातलं काम सरळ चालू राहिलं तर ठीक. मध्येच कोणी हाक मारली, फोन वाजला, की आधीचं साफ पुसलं जायचं. मग स्वयंपाकघरात हातात पातेलं घेऊन तो उभा राही. हे घ्यायला आलो होतो की ठेवायला?

विसरण्यापेक्षा त्याला धसका होता तो आपण विसरलोय हे कळायच्या क्षणाचा. छातीत धडधड सुरू व्हायची, तळहातांना घाम फुटायचा. रस्त्यात असला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं.

आणि मग ते तरणतलावाचं झालं. बायको त्याच कारखान्यात शिलाईखात्यात होती, तिची पाळी संध्याकाळपर्यंत असायची. लेकीला पोहण्याच्या वर्गातून आणायचं काम त्यानं हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं. त्या दिवशी तो निघाला वेळेवर, पण वाटेत रंगाच्या दुकानदारानं "जरा हे मीटर बघता का?" म्हणून हटकलं. त्यानं मीटर बघितलं, सैल झालेली तार कसली, दुकानदाराचे आभार ऐकून घेतले आणि खुशीत घरी आला. चहा ठेवला. बायको आली आणि दारातूनच म्हणाली, "पोरगी कुठाय?"

दोघं धावत गेली. लेक तरणतलावाच्या फाटकाशी उभी होती. केस ओले, ओठ निळे पडलेले, पिशवी पोटाशी धरलेली. ती रडत नव्हती. घरी येताना ती आईच्या बाजूनं चालली, आणि पुढच्या आठवड्यात तिनं आईला हळूच विचारलं, "मैत्रिणीच्या आईबरोबर येऊ का गं मी?" त्याला ते शेजारच्या खोलीत ऐकू गेलं. हे मात्र तो विसरला नाही. नेमकं हेच कसं राहिलं, कोण जाणे.

दवाखान्यात एक बाई होत्या. मेंदूला मार लागलेल्या माणसांना त्या रोजची कामं पुन्हा शिकवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डोक्यात राहत नाही ना? मग खिशात ठेवू. इलेक्ट्रॉनिक डायऱ्या मिळतात हल्ली, हातात मावणाऱ्या. वेळ झाली की वाजतात आणि काय करायचं ते पडद्यावर दाखवतात. काहींवर गाणीही लागतात, तशीच घ्या."

"गाणी कशाला?" बायकोनं विचारलं. तिला ती चैन वाटली.

"मध्येच धागा तुटला की यांची जी घालमेल होते ना, त्यासाठी. जुनं, पाठ असलेलं गाणं लावायचं आणि एका जागी बसायचं. श्वास थाऱ्यावर आला की मग डायरी बघायची. घाबरलेल्या माणसाला वाचलेलंही कळत नाही."

हे त्याला पटलं. जुनं गाणं त्याला काही विचारत नसे. पुढची ओळ आपली आपण यायची.

रविवारी ते दुकानात गेले. बरोबर मेहुणा होता. बाजारात नवी कोणतीही वस्तू आली की तिच्याबद्दल सगळं माहीत असल्यासारखं बोलायची त्याला खोड होती, पण बहिणीवर आणि दाजींवर जीव होता. काउंटरवरच्या मुलीनं काचेवर दोन यंत्रं मांडली. एक मोठं, चकचकीत, रंगीत पडद्याचं. गाणी त्याच्या पोटातच. दुसरं साधं, करड्या पडद्याचं, पाठीमागे खाच असलेलं. त्या खाचेत गाण्यांची वेगळी डबी बसवायची.

"दाजी, यात बघायचंय काय?" मेहुणा म्हणाला. "हे दुसरं म्हणजे हिशेबाचं यंत्र वाटतंय. आणि मागे ती डबी! कुबड आल्यासारखं दिसतं."

मुलीनं मोठ्या यंत्राचे इअरफोन त्याच्या कानात घातले. गाणं सुरू झालं आणि त्याचे खांदे खाली आले. कित्येक महिन्यांत इतका स्वच्छ आवाज त्यानं ऐकला नव्हता. डोळे मिटूनच तो म्हणाला, "हेच घेऊ. दुसरं नकोच."

बायकोला हायसं वाटलं. लेक शेजारणीकडे होती. तिला फोन करून येते म्हणून ती बाहेर गेली. जाताना म्हणाली, "अहो, इथून हलू नका हं." मेहुणा वरच्या मजल्यावर यंत्राचं कव्हर बघायला गेला.

तेवढ्यात कोणीतरी त्याच्या दंडाला हात लावला. कारखान्यातले निवृत्त झालेले जुने कारकून. "अरे, तू इथे? बरा भेटलास. आमचा पंखा चालू केला की घुंऽ घुंऽ करतो बघ."

"रेग्युलेटर बदलून बघा आधी," तो उत्साहानं म्हणाला. "पंख्याला हात लावू नका." मग कोणता रेग्युलेटर घ्यायचा, कुठला टाळायचा हेही सांगितलं. कारकून समाधानानं गेले. तो वळला.

समोर काच होती. काचेवर दोन यंत्रं होती. पलीकडे एक मुलगी हसून विचारत होती, "मग पॅक करू ना सर?"

यंत्रं कशासाठी, हे त्याला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या बाईंपासूनचं घोकून घोकून मुरलं होतं. पण ठरलंय का? काय ठरलंय? कोणाशी बोलून? बायको दिसत नव्हती. ती बरोबर आली होती की नव्हती? तळहात ओले झाले. काचेला धरावं तर बोटांचे ठसे उमटू लागले, म्हणून त्यानं हात खिशात घातले.

इतके दिवस अशा वेळी तो थाप मारायचा. "हो हो, तेच" म्हणायचं, हसायचं, निसटायचं. आताही जिभेवर "हो" आलंच होतं. पण डोळ्यांसमोर ते फाटक आलं आणि ओल्या केसांची लेक आली. थाप मारून चुकीचं यंत्र घरी गेलं आणि ते वेळेला वाजलंच नाही, तर?

"ताई," तो म्हणाला. "माझ्या डोक्याला मार लागलाय. मघाशी काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. पुन्हा सांगाल का? पहिल्यापासून."

परक्या माणसाला हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं. मुलीनं काउंटरखालून स्टूल काढून त्याच्याकडे सरकवलं. "बसा आधी. दोन्ही पुन्हा दाखवते." ती सावकाश सांगत गेली. त्यानं मध्ये बोलू दिलं नाही कोणाला. दुसरं एक गिऱ्हाईक काही विचारायला आलं तर त्याला हातानंच थांबवलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं मोठं यंत्र पालथं केलं. "सेल कुठे बदलायचे?"

"यात सेल नसतात सर. आतच बॅटरी आहे. रोज रात्री चार्जरला लावायचं."

"आणि लावायचं विसरलं तर?"

"मग... बंद पडतं."

"गाणी लावली की लवकर बंद पडेल."

"हो, गाण्यांना बॅटरी जास्त लागते."

"बंद पडलं की आत लिहिलेलं?"

मुलीनं त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलावंसं तिला वाटलं नसावं. "पूर्ण उतरली तर पुसलं जातं. कॉम्प्युटरवर ठेवलेलं असेल तर परत घालता येतं."

तो एकदम हसला. स्वतःच्याच हसण्यानं दचकला. "म्हणजे याच्याही डोक्याला मार लागलाय की!"

तीही हसली, मग हसू आवरून दुसरं यंत्र पुढे केलं. याला पेन्सिल सेल. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. आठवडेच्या आठवडे चालणारे. आणि मागच्या डबीला तिचे स्वतःचे सेल.

"थांबा. गाण्यांचे सेल वेगळे?"

"वेगळे."

"गाणी बंद पडली तरी डायरी वाजणार?"

"वाजणार."

"हे द्या," तो म्हणाला.

बायको आणि मेहुणा एकदमच परत आले. मेहुण्याच्या हातात मोठ्या यंत्राचं कव्हर होतं. मुलगी साधं यंत्र खोक्यात भरत होती.

"हे काय?" बायको म्हणाली. "अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, ते मोठं घेऊ? डोळे मिटून ऐकत होतात."

तो गोंधळला. "मी म्हणालो?"

"दाजी, असं कसं चालेल?" मेहुण्याचा आवाज चढला. "घरी जाऊन पुन्हा म्हणाल, ते मोठंच हवं होतं."

तो बायकोकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची भीती होती: आता याचं कोणतं बोलणं खरं मानायचं? त्याला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता. मोठ्या यंत्राला भुललेला माणूस कोण होता, त्याला काय वाटलं होतं, याचा मागमूस त्याच्याजवळ नव्हता.

"मघाचं मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "आवाज चांगला असेल त्याचा, म्हणून म्हणालो असेन. पण मला चार्जर लावायला कोण आठवण करणार? तू. रोज. म्हणजे यंत्र घेऊनही तुझ्याच डोक्याला ताप. हे बंद पडलं तर मी सेल आणीन."

बायकोनं भावाच्या हातातलं कव्हर घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. "ते साधंच द्या," ती मुलीला म्हणाली.

मेहुण्यानं स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवरून डबीत गाणी भरून दिली, कुरकुरत का होईना. बायकोनं रोजच्या वेळा घातल्या. पोहण्याची वेळ मात्र त्यानं स्वतः लिहिली, छोट्या पेनानं पडद्यावर एकेक अक्षर टोचत.

पहिल्या दिवशी यंत्र वाजलं तेव्हा तो इस्त्री दुरुस्त करत होता. इस्त्री तशीच टाकून निघाला, कोपऱ्यावर गेल्यावर प्लग काढला की नाही या शंकेनं परत आला. प्लग काढलेला होता. पुन्हा निघाला. रंगाचा दुकानदार हात करत होता. त्यानं मान खाली घातली आणि यंत्र छातीशी धरून पुढे गेला. मध्येच धागा तुटलाच. कुठे चाललोय? धडधड सुरू झाली. तो एका पायरीवर टेकला, गाणं लावलं. ध्रुवपद झालं, कडवं झालं, श्वास थाऱ्यावर आला. मग पडदा बघितला. पडद्यावर लिहिलं होतं: तरणतलाव. लेक.

तो फाटकाशी पोहोचला तेव्हा वर्ग सुटायचा होता. वाट बघणंही सोपं नव्हतं. आपण आज यायचं होतं ना? की ती मैत्रिणीबरोबर गेली? दर थोड्या वेळानं तो पडदा बघत होता. शेवटी मुली बाहेर आल्या. लेक त्याला बघून थबकली. आजूबाजूला आई दिसते का ते तिनं आधी बघितलं.

"तुला कोणी सांगितलं यायला?"

"यानं." त्यानं यंत्र दाखवलं.

"आणि याला कोणी सांगितलं?"

"मी."

तिनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, त्याच्या चुकलेल्या मात्रेला हसली. मग पिशवी त्याच्याकडे दिली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कारखान्यात त्याला शिडीवर परत चढू दिलं नाही. दुरुस्तीखात्यात टेबलावरचं काम मिळालं, तेही शेजारी दुसरा माणूस असेल तरच. यंत्र वाजायचं आणि तो हजर व्हायचा, कधीकधी चुकीच्या ठिकाणी. आणि माहितीपुस्तिकेत मेहुण्यानं एक ओळ शोधून काढली. सेल बदलताना जुने काढल्यावर मिनिटभरात नवे घातले नाहीत, तर याही यंत्रातलं सगळं पुसलं जाणार होतं.

तेव्हापासून सेल बदलायचे म्हणजे घरात सोहळाच. टेबलावर पंचा अंथरायचा. फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा. बायको दार लावून घ्यायची आणि दाराशी उभी राहायची, कोणी बेल वाजवू नये म्हणून. लेक नवे सेल तळहातावर घेऊन बसायची, टोकं बरोबर दिशेला करून. त्याच्या समोर फक्त झाकण आणि त्याचे हात.

"बाबा, काढ," लेक म्हणायची.

तो जुने सेल काढायचा. कोणी श्वास घ्यायचा नाही. बोटांना घाम यायचा, सेल निसटू बघायचा, लेक "सावकाश, सावकाश" म्हणायची आणि आवाज मात्र तिचाच घाईचा असायचा. नवे सेल बसायचे, झाकण लागायचं. पडदा आधी कोराच राहायचा. मग हळूहळू त्यावर अक्षरं यायची, आणि लेक ती मोठ्यानं वाचून दाखवायची, एकही ओळ न गाळता, शेवटापर्यंत.