हैदराबादचा पेंटर

मोठ्या शाळेत शिकल्याशिवाय हात तयार होत नाही, असं कुणी म्हटलं की मला मुरूम गावच्या पेठेतली एक पाटी आठवते आणि मी खुर्ची पुढं ओढतो. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचं, आणि चित्रकलेची शाळा म्हणजे पत्र्याच्या ट्रंकांवर गुलाब रंगवणारे माझे मामा.

वडील शिंपी. त्यांनी बजावलं होतं, "कापडवाल्या आप्पांची पाटी मिळाली तर खुशाल रंग खेळ. न्हाय मिळाली तर माझ्याशेजारी काजं करायला बस. कायमचा." जन्मभर सदऱ्यांची बटणघरं शिवायची, या विचारानंच माझी बोटं आखडायची.

आप्पांना नाव उर्दू, मराठी, कानडी अशा तिन्ही लिप्यांत हवं होतं. त्यासाठी हैदराबादच्या नामांकित चित्रशाळेत शिकलेला पेंटर येणार, हे ते महिनाभर सगळ्या पेठेला ऐकवत होते. मी गेलो तर म्हणाले, "तू कुठल्या शाळेतला?"

"मामांच्या, आप्पा."

"ट्रंकवाल्या?" गिऱ्हाइकं हसली. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. तेव्हा आप्पा म्हणाले, "बरं, तूबी कर एक. बाजारादिवशी दोन्ही लावू. लोक वाचतील ती ठेवू."

हैदराबादचे पाहुणे आले, पितळी पट्टीनं दाराची चौकट मोजली आणि अशी पाटी केली की बघत राहावं. सोनेरी अक्षरं, प्रत्येकाला निळी सावली. त्यांच्यासारखी उर्दू वळणं मला आजही जमत नाहीत.

पण ते आले बाजार नसलेल्या दिवशी. बाजारादिवशी ऊन चढलं की तिथला प्रत्येक दुकानदार दारापुढं बांबूंवर तरटाचं छप्पर ताणतो, चांगलं खालपर्यंत. हे त्यांना सांगायला हवं होतं का? हवं होतं. मी सांगितलं नाही.

मामा म्हणायचे, पाटी बैलगाडीत बसून वाचता आली पाहिजे. मी एक लांबट, अरुंद फळी रंगवली आणि छप्पर ताणल्यावर त्याच्या पुढच्या बांबूला बांधली. दारावरचं हैदराबादचं सोनं तरटाआड गेलं. कानडी मुलखाकडचा एक शेतकरी गाडी थांबवून माझी कानडी अक्षरं मोठ्यानं वाचत खाली उतरला आणि थेट दुकानात शिरला.

पाहुणे वर तरटाकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "हमकू कोई बोलाच नईं." मी बांबूची गाठ फार बारकाईनं तपासत होतो.

खरी पंचाईत आप्पांची झाली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटी तुझी. पण मी हैदराबादचा पेंटर येणार म्हणून सांगून बसलोय. कुणी इचारलं तर तू हैदराबादचा."

"व्हय, आप्पा."

पंधरा दिवसांत उमरग्याचा एक मिठाईवाला आमच्या दारात. शाळेच्या नावानंच तो तिथवर आला, हे मी कबूल करतो. त्याची पाटी पाहून पुढं जी गिऱ्हाइकं आली, त्यांतल्या एकानंही शाळा विचारली नाही.

त्या दिवशी मात्र तो उंबऱ्यातून म्हणाला, "हैदराबादचे पेंटर हितंच ऱ्हातात का?"

मी तोंड उघडायच्या आत मशीनवरून वडील बोलले, "हेच ते. बसा." आणि दुसरी पाटी मिळेपर्यंत म्हणून माझ्यापुढं ठेवलेली काजांच्या सदऱ्यांची चवड त्यांनी आपल्याकडं ओढली.