क्रुसाच्या पायाशी दुपारची रेघ

खारघरला आमच्या खालच्या मजल्यावर एक आंटी राहतात. निवृत्त नर्स. त्यांचा नवरा जहाजावर अधिकारी होता. तो जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी घरी बसून बिल्डर लोकांची ड्रॉइंग्ज काढते, हे त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी त्या फोटो घेऊन वर आल्या.

आयर्लंडमधल्या कुठल्याशा गावातलं चर्च, आवारात माणसाहून उंच दगडी क्रूस, आणि त्याला टेकून उभा असलेला त्यांचा नवरा. तरुण, वाऱ्यानं केस पार विस्कटलेले. क्रूस मात्र आपल्याकडे दिसतो तसा नव्हता. त्याच्या चारही हातांना जोडणारं एक गोल कडं होतं आणि कड्याच्या आत चार आरपार भोकं.

"असाच मला त्यांच्या कबरीवर हवाय," आंटी म्हणाल्या. "छोटा, चार फुटी. मापं काढून देशील, बाळा? ते म्हणायचे, हा क्रूस म्हणजे घड्याळ आहे. कडं म्हणजे सूर्याची वाट, चार हात म्हणजे वर्षाचे चार टप्पे. जहाजावर रोज भर दुपारी सूर्याची उंची मोजायचे ना, त्यांना सगळीकडे सूर्यच दिसायचा."

ड्रॉइंगला बसण्याआधी मी थोडं वाचलं. कुणी कड्याला सूर्य म्हणतं, कुणी म्हणतं की सूर्य मोजायचं जुनं साधनच त्या लोकांनी दगडात उतरवलं. अभ्यासकांना मात्र हे फारसं मान्य नाही. दगडाचे आडवे हात तुटू नयेत म्हणूनही कडं आलं असेल, असं त्यांतले काही म्हणतात. मी आंटींना तसं सांगितलं, तर त्या हसल्या.

"मलाही कुठे खात्री आहे गं. पण त्यांना असं वाटायचं, आणि कबर त्यांची आहे."

ड्रॉइंग झालं, पण ते करणारा मिळेना. मार्बलवाले मशिननं कापलेला ग्रॅनाइट दाखवायचे आणि भोकं बघून मान हलवायचे. शेवटी जवळच्या नावडे गावातल्या एका काकांचा पत्ता लागला. पाटे-वरवंटे घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आता मिक्सरच्या जमान्यात तुळशीवृंदावनं आणि देवळांच्या पायऱ्या. सत्तरीचे असतील. माझं ड्रॉइंग त्यांनी आडवं धरलं, उभं धरलं.

"यो गोल कशाला?"

आंटींनी सूर्याचं सांगितलं, मी आधाराचं सांगितलं. काकांनी क्रुसाच्या हाताखाली बोट ठेवलं.

"हितं तुटला असता, हे खरं हाय. पन नुसत्या आधाराला कोन एवढा गोल काढीत बसंल? चौकोनी ठोकला असता की." मग आंटींकडे वळून म्हणाले, "तुमचे मालक दुपारचा सूर्य बगायचे?"

"रोज. ढग असले की चिडायचे."

काकांनी काम घेतलं. शेडच्या मागे जुन्या खदानीतला एक काळा दगड त्यांनी कधीचा राखून ठेवला होता. मी दर आठवड्याला जाऊन बघायचे. चौथं भोक पाडताना कड्यात केसाएवढी चीर दिसली. मला तर ती दाखवल्यावरही दिसली नाही. काकांनी छिन्नीच्या मागच्या टोकानं दगडावर टकटक केलं, कान लावला आणि महिनाभराचं काम बाजूला सारलं.

"बोदा वाजतोय," एवढंच म्हणाले आणि दुसरा दगड घेतला. त्याबद्दल आंटींकडे त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी काढला, तर माझ्यावरच डाफरले.

क्रूस उभा करायची वेळ आली ती डिसेंबरच्या शेवटी. काकांना तो बरोबर उगवतीकडे तोंड करून हवा होता. दफनभूमीची देखरेख करणारा माणूस ऐकेना. "सगळ्यांचे एका लाइनीत आहेत. एक तिरका केला की उद्या दुसरा म्हणेल माझाही करा." त्याचंही खरं होतं. आंटींचा चेहरा उतरला.

"क्रूस लाइनीतच ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "पायाचा दगुड तर आमचा हाय ना? त्यावर एक रेघ मारली तर चालंल?"

रेघेला त्या माणसाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच आम्ही तिथे पोचलो. काकांनी पायाचा दगड पाणी ओतून समपातळीत बसवला, क्रुसाच्या जागी एक सरळ खुंटी ओळंब्यानं उभी केली आणि तिच्याभोवती खडूनं वर्तुळ काढलं. मी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. लोखंडी कठड्याजवळ ते दर वेळी वेगळीच उत्तर दिशा दाखवत होतं.

"ठेव ते, बाय. सावली खोटं बोलत नाय. आमच्या बापानं गावच्या देवळाची दिशा अशीच काढली."

खुंटीची सावली आखडत आली. तिचं टोक वर्तुळाला टेकलं तिथे काकांनी खूण केली. मग वाट बघणं. आंटींनी डब्यात वडे आणि कोंबडीचं कालवण आणलं होतं. आम्ही तिघं झाडाखाली बसून जेवलो. तिसऱ्या प्रहरी वाढती सावली दुसऱ्या बाजूनं वर्तुळाला टेकली. दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. तिला काटकोनात खुंटीपासून निघाली ती उत्तरेची रेघ; भर दुपारी सावली हिच्यावरच पडणार. वीतभर लांब. काकांनी ती तिथंच मांडी घालून कोरली. मी शाळेत भूमिती शिकले, रोज स्क्रीनवर काटकोन काढते, पण काटकोन असा उन्हातून उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

क्रूस बसवून झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गेलो. सावली दगडावरून सरकत आली आणि दांड्याच्या सावलीचा मध्य रेघेवर आला. मी मोबाइल पाहिला.

"बारा अडतीस झालेत, काका."

"ते तुज्या मोबाइलचं, सगळ्या देशाला एकच. सूर्याचं हितलं बारा आत्ता वाजलं."

आंटींनी वाकून रेघेवर हात ठेवला. त्या हातावरही क्रुसाची सावली पडली होती.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अगं, आज सावली बारा बावन्नला आली. दगड हलला वाटतं!" मी काकांना फोन लावला. ते पोट धरून हसले.

"दगुड नाय हलला. सूर्य काय ड्युटीवर हाय? वरीसभर मागं-पुढं व्हनारच. आंटींना इचार, मालकांच्या वहीत असंल."

आंटींनी ट्रंक उपसली. नवऱ्याच्या एका वहीत खरोखरच तक्ता होता: वर्षाच्या कुठल्या दिवशी सूर्य घड्याळाच्या किती मिनिटं मागे, किती पुढे. डिसेंबरच्या शेवटासमोर जवळजवळ शून्य, फेब्रुवारीसमोर चौदा मिनिटं मागे. वही घेऊन त्या नावड्याला गेल्या. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. मी आकडे वाचून दाखवत होते आणि ते दर महिन्याला नुसते "हां" म्हणत होते.