बंद ठेवलेला रिसीव्हर

मी जन्मजात भित्रा माणूस. मुलांना विजेची आणि रेडिओची कामं शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, तरी आजही सॉकेटमधून प्लग काढताना माझा दुसरा हात पाठीमागे असतो. वर्गातली मुलं हसायची. मी म्हणायचो, हसा लेको, पण जिवंत राहून हसा. असल्या माणसाने हौशी रेडिओचा नाद का लावून घेतला, हे घरच्यांना कधी कळलं नाही. परीक्षा दिली, परवाना काढला, आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या टेकाडावर आमचं घर, तिथे कौलांच्या वर उंच एरिअल उभारली. पावसाळ्यात वीज कडाडली की मी आधी तिची वायर काढायचो आणि मग पांघरूण घ्यायचो.

या एरिअलीचा खरा उपयोग मात्र माझ्यापेक्षा खालाला जास्त होता. खाला म्हणजे माझ्या शाळेतल्या दोस्ताची आई. दोस्त पुढे तांडेल झाला, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. त्याच्या बोटीवर व्हीएचएफ, म्हणजे बोलायचा वायरलेस सेट बसवला तो मीच. बोटींच्या चॅनेलवर बोलायचा परवाना मला नव्हता, पण ऐकायला कोण अडवतो? म्हणून आमचं ठरलं होतं. दर्यात असला की रोज मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या थोडं आधी तो एकदा बोलायचा. "मास्तर, अमुक ठिकाणी हाय, समदी बरी हाव, आईला सांग." बस, एवढंच. उत्तर त्याला मिळायचं नाही, आणि त्याची त्याला गरजही नव्हती. मी ऐकतो आहे हे त्याने धरूनच ठेवलेलं होतं. खाला संध्याकाळी टेकाड चढून यायची, आमच्या पडवीत बसायची, रिसीव्हरमधून मुलाचा आवाज कानावर पडला की उठून नमाजाला घरी जायची. चहाला कधी थांबली नाही.

दोन हजार सहाच्या सुमाराची ही गोष्ट. लोडशेडिंगचे दिवस. आखाती मुलुखात टॉवरच्या कंपनीत काम करणारा माझा मेहुणा सुट्टीवर आला होता. त्याच्या कंपनीने मोडीत काढलेला, हातात मावणारा एक स्पेक्ट्रम ॲनालायझर त्याने मला आणून दिला. वीतभर लांबीचं यंत्र. त्याच्या पडद्यावर हवेतल्या सगळ्या लहरी एकदम दिसायच्या. तळाशी बारीक गवतासारखी खरखर, आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे त्या गवतातून वर आलेली उंच काडी. मी आठवडाभर लहान मुलासारखा ते हातात घेऊन अंगणात फिरत होतो. आकाशवाणीची काडी कुठली, मोबाईलच्या टॉवरची कुठली, हे येईल त्याला दाखवत होतो. शेजारी मला बघून वाट बदलायला लागले.

मेहुण्याने सोबत एक सीडीही दिली होती. यंत्राच्या आतला प्रोग्रॅम जुना आहे, असं तो म्हणाला. पडद्यावर दिसतं की येणारा जोराचा सिग्नल आत दाबून घेतला आहे, पण प्रत्यक्षात दाबला जातच नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये ती चूक काढली आहे. "कॉम्प्युटरला जोडून अपडेट करून घ्या," तो म्हणाला, "पण मध्ये वीज गेली तर याचं नुसतं खोकं होईल हां." हे ऐकलं आणि मी ती सीडी कपाटात ठेवून दिली. माझ्या स्वभावाला ते धरूनच झालं.

त्या हिवाळ्यात मी सिग्नलचा जोर वाढवणारा एक ॲम्प्लिफायरही बनवत होतो. एका गुरुवारी संध्याकाळी तो पहिल्यांदा एरिअलीला जोडला आणि घाटावरच्या एका हौशी दोस्ताशी बोलायला लागलो. आवाज त्याच्याकडे असा खणखणीत गेला की मी हुरळलो, आणि बोलत बसलो. एरिअल एकच, म्हणून एवढा वेळ रिसीव्हर मुका. लक्षात आलं तेव्हा मगरीब होऊन गेली होती. धावत वायर बदलली, पण सेटवर काही नाही. नेमकी खाला त्या दिवशी राजापूरला लग्नाला गेलेली, म्हणून कोणी विचारलंही नाही. मनाशी म्हटलं, बरा असेल, उद्या जुम्मा, सकाळी येईलच.

शुक्रवारी बहुतेक सगळ्या बोटी बंदरात लागतात. तांडेल जुम्म्याची नमाज कधी चुकवत नसे. सकाळी मी उगाच बंदरावर चक्कर मारली. सगळ्या आल्या होत्या, त्याची तेवढी नव्हती. दुसऱ्या बोटीवरचा एक जण जाळं झाडता झाडता म्हणाला, "काल सांजच्याला सेटवर निस्ती खरखर. कोनाचा काय आयकायला येईल तर शप्पत."

काल सांजच्याला म्हणजे मी बोलत होतो तेव्हा.

घरी आलो तो तडक टेबलाशी. ॲम्प्लिफायरची एरिअल काढली, तिच्या जागी डमी लोड लावला, म्हणजे लहरी हवेत न जाता तिथल्या तिथे उष्णता होऊन विरतात. शेजारी वीतभरावर ॲनालायझर ठेवला आणि माईकचं बटण दाबलं. माझी स्वतःची काडी जिथे हवी तिथे उभी राहिली. आणि तिच्या उजवीकडे, बोटी ज्या चॅनेलवर मदत मागतात बरोबर त्याच्या जागी, दुसरी एक काडी उभी राहिली. बटण सोडलं, गेली. दाबलं, आली. मी ते दहा वेळा केलं असेल. दर वेळी वाटायचं, या खेपेला नसेल. दर वेळी होती.

काल माझ्या यंत्राने बंदरापुढच्या सगळ्या दर्याचं तोंड दाबलं होतं. त्यात त्याने मदत मागितली असेल तर? आणि पहाटेपासून मतलई सुटलेली. जमिनीकडून दर्याकडे वाहणारा हा वारा, इंजिन बंद पडलेल्या बोटीला किनाऱ्यापासून लांबच नेतो. जुम्म्यानंतर पुन्हा बंदरावर गेलो, तरी बोट नाही. बंदरातून दोन बोटी शोधायला निघाल्या, त्या जयगडच्या बाजूला, कारण तो नेहमी तिकडेच जायचा. बंदरावर सांगायला हवं होतं की कालची खरखर कदाचित माझी असेल. मी सांगितलं नाही. घरी येऊन दार लावून बसलो.

तेव्हा ती सीडी आठवली. जुना प्रोग्रॅम सिग्नल दाबत नाही, असं मेहुणा म्हणाला होता. मग ही काडी खोटीही असू शकेल! फार जोराचा सिग्नल आत शिरला तर ॲनालायझर स्वतःच्याच पोटात नसलेल्या काड्या तयार करतो. अपडेट केला की खरंखोटं कळेल. बुडत्या माणसासारखी मी ती सीडी धरली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. काडी खरी की खोटी हे बघायला अपडेटची गरजच नव्हती. माईकच्या बटणाला रबर लावायचं, ॲनालायझर उचलायचा आणि दहा पावलं लांब जायचं. खोटी काडी खऱ्या काडीच्या आधी विरून जाते. हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. त्या दिवशी मला टेबलापासून उठायचं सुचलंच नाही. भीतीने माणसाला खुर्चीला बांधून ठेवलं होतं.

दुपारी साडेतीन ते साडेपाच आमच्या भागात वीज नसायची. साडेपाचला आली, पण मिणमिणती. मी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला, ॲनालायझर वायरने जोडला, देवाचं नाव घेतलं आणि अपडेट सुरू केला. पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली, गोगलगाईच्या चालीने. दहा टक्के. बारा. मी खुर्चीच्या कडेवर. पाऊण तासात संपेल असं धरलं होतं. पट्टी सत्तरच्या जवळ आली तेव्हा बाहेर चपलांचा आवाज झाला. खाला.

"खबर हाय काय?" तिने पडवीतून विचारलं. आवाज अगदी सरळ. मला तो सरळपणाच सोसवेना.

"नाही अजून," मी आतूनच म्हणालो.

त्याच वेळी वीज गेली. इन्व्हर्टरने कुंईं केलं. त्याची बॅटरी म्हातारी झालेली, लगेच ओरडायला लागली. मी पंखा बंद केला, दिवा बंद केला. तरी ओरडणं थांबेना. राहिला होता रिसीव्हर, त्याचा हिरवा दिवा कोपऱ्यात लुकलुकत होता. पट्टी सत्तर टक्क्यांवर होती. आता बंद पडली तर यंत्राचं खोकं, आणि मग मी दोषी की नाही हे मला कधीच कळणार नाही. घड्याळ मी पाहिलं. तांडेलच्या बोलण्याची वेळ दहा मिनिटांवर होती. हे मला ठाऊक होतं. पाहिलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी रिसीव्हरचा प्लग काढला. दुसरा हात पाठीमागे ठेवून, सवयीप्रमाणे.

इन्व्हर्टर गप्प झाला. पडवीतून खालाने विचारलं, "आज लावत नाय?"

"आज बंद ठेवायला लागतोय खाला, यंत्राचं काम चाललंय. काल काही आलं नाही, आज काय येणार?" कालही मी ऐकलंच नव्हतं, हे मी बोललो नाही.

ती उठली नाही. अंधारत चाललेल्या पडवीत, मुका रिसीव्हर पाठीशी ठेवून ती समुद्राकडे तोंड करून बसून राहिली. मगरीबची अजान झाली तेव्हा गेली. इकडे शंभर टक्के झाले. यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं. इन्व्हर्टर पार आटला होता, पण सातला वीज आली. मी बटण दाबलं. माझी काडी उभी राहिली. उजवीकडे गवत, नुसतं गवत. सिग्नल आत खराखुरा दाबला गेला आणि ती दुसरी काडी नाहीशी झाली होती. ती कधी नव्हतीच; गुरुवारची खरखर दुसऱ्या कशाची तरी होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. सुटलो, सुटलो, एवढंच मनात येत होतं. तांडेल अजून दर्यातच आहे, हे त्या पाच मिनिटांत मी साफ विसरलो होतो. त्याची लाज आजही वाटते.

शनिवारी दुपारी बोट आली. पूर्णगडसमोर, खूप आत, दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेला पडली होती, त्यांनी ओढून आणली. सगळे जिवंत होते. मी धापा टाकत सरकारी दवाखान्यात पोचलो. शुक्रवारी पहाटे परत येताना इंजिन अडकलं होतं, आणि ते सोडवताना एका खलाशाचा हात पट्ट्यात सापडला होता. डॉक्टर त्याच्या भावाला सांगत होते की दोन बोटं काढावी लागतील. काल रात्रीपर्यंत आणला असता तर कदाचित वाचली असती.

तांडेल बाकड्यावर बसला होता. ओठ फुटलेले, डोळे लाल. मला बघून हसला.

"मास्तर, गुरुवारी बोललो त्या टायमाला समदा बरा हुता. काल मगरीबच्या आधी परत बोललो. पूर्णगडच्या समोर हाव, एकाचा हात गेलाय, बोट पाठव. बॅटरी संपत आलेली, म्हटला तुझ्या एरिअलीशिवाय कोनाला पोचायचा नाय. पोरं रडत हुती. मी त्यांना म्हटला, मास्तरान आयकलान आसंल. आयकलास ना?"

खलाशाचा भाऊ माझ्याकडे बघत होता.

"त्यान काय आयकायचा?" खाला मागून म्हणाली. "काल यीज नव्हती सांजच्याला. मी सोता बसलेली हुते पडवीत. काळोख नुसता."

भावाने मान फिरवली. वीज कोणाच्याच हातात नसते. तांडेलने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बघ, यीज पन आजच... नाय, कालच मरायची हुती."

वीज खरंच गेली होती. तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. इन्व्हर्टरवर काय चालू होतं आणि काय बंद केलं होतं, ते तिने दाराशी बसून ऐकलं होतं, आणि तेवढंच तिने गाळलं होतं.

बाहेर रिक्षाच्या थांब्यापर्यंत मी तिच्या मागे गेलो. "खाला, मी..." एवढंच म्हणालो.

"माझा पोरगा आला," ती म्हणाली. "आता तुला कशाला घालवू?"

खलाशाला मी आजवर सांगितलेलं नाही. तांडेललाही नाही. खलाशी दोन बोटं नसलेल्या हातानेही जाळं ओढतो. बंदरावर दिसला की मी समोरून जाणं टाळतो, आणि तो मात्र लांबून हाक मारतो.

खाला पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी येत राहिली. फक्त एक बदल झाला. पूर्वी ती थेट पडवीत बसायची. त्या शनिवारनंतर आधी उंबऱ्याशी उभी राहायची, आत कोपऱ्यात वाकून बघायची आणि हिरवा दिवा दिसला की मगच बसायची.