घागरींची रांग लावणारा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आला, पाऊस काही आला नाही. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि घागरींची रांग एकच माणूस लावायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. म्हाताऱ्यांचं पाणी तो स्वतः घरपोच करायचा. आवाज कधी चढला नाही त्याचा.

एका पहाटे मी गच्चीवरून पाहिलं. शेजारच्या दोन भावांपैकी थोरल्याच्या घागरी मामानं रांगेतून काढून मागं ठेवल्या आणि त्या जागी धाकट्याच्या आणल्या. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं इतक्या हलक्या हातानं. टँकर आला तसा थोरला धाकट्याच्या अंगावर धावला. धाकट्यानं दगड उचलला. तो डोक्यात बसला, थोरला जागीच गेला. सोडवताना मामाचा सदरा फाटला. ढसाढसा रडला तो.

मी पाहिलेलं सांगितलं, तर गल्लीनं मलाच वेड्यात काढलं. शेवटी मामाला एकट्याला गाठून विचारलं, "का केलंस?"

तो तंबाखू मळत होता. हात थांबला नाही. "म्या निस्त्या घागरी सरकवल्या, भाऊ. दगड त्येनं उचलला. सख्खे भाऊ तुटायला किती लागतंय, त्येवढं बघायचं होतं."

माझ्या अंगावर काटा आला, तरी त्याच्यावरची नजर हटेना. असा थंड माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

थोरल्याचे तेरा दिवस उरकल्यावर त्याची बायको पाण्याला आली. रांग लांब होती. "मामा, तुमच्यावरच भरवसा हाय," म्हणत तिनं घागर त्याच्या हातात दिली.

मामानं ती हलक्या हातानं नेली आणि धाकट्याच्या बायकोच्या घागरीपुढं ठेवली.