दोष आढळला नाही

सामीसोनी मामाच्या बायबलमध्ये सहा कागद होते. सहाही एकाच शोरूमचे, सहाहींवर निळा शिक्का आणि सहाहींवर एकच वाक्य: 'गाडी तपासली. दोष आढळला नाही.' मामाचा देवावर विश्वास होता आणि शिक्क्यावरही होता. त्यातला थोरला कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही.

यात त्याची चूक कमीच. एकतीस वर्षं तो बेटाबेटांमधून फिरणाऱ्या बोटीवर खलाशी होता. बंदरावरच्या साहेबाचा शिक्का पडल्याशिवाय बोट धक्का सोडत नसे, आणि एकदा पडला की कुणी प्रश्न विचारत नसे. निवृत्त झाल्यावर त्यानं राजधानी सुवातल्या एका मोठ्या शोरूममधून बारा जणांची पांढरी व्हॅन घेतली. स्वतःसाठी नव्हे. उनाइसी मामी आमच्या चर्चच्या बायकांच्या गायनपथकाची मुख्य. तिनं गुडघे दुखत असताना बसच्या पायऱ्या चढाव्यात, हे त्याला बघवत नव्हतं. व्हॅन दारात आली त्या दिवशी त्यानं पुढच्या सीटवर मामीनंच विणलेली छोटी चटई अंथरली आणि सगळ्या घराला बजावलं, "इथं दुसरं कुणी बसायचं नाही. हात लावायचा नाही. पाद्रीबाबांनीसुद्धा नाही."

गाडी तशी गुणाची होती, पण वेळेला दगा देणारी. मामा एकटा बाजारात दालोचे कंद आणायला गेला की वाऱ्यासारखी पळायची. आम्ही सगळे ठासून बसलो आणि सुवाच्या अलीकडचा तो लांबलचक चढ लागला, की मध्यावर मान टाकायची. मग आम्ही खाली उतरायचो, कमरेला गुंडाळलेले सुलू सावरत मागून धक्का द्यायला हात लावायचो, आणि ढकलायच्या आधीच ती सुरू व्हायची! पथकातल्या बायका धक्का द्यायला उतरल्या की भजन धरायच्या. त्यामुळे काहींची पक्की समजूत झाली होती की गाडी दुसऱ्या कडव्याला सुरू होते.

शोरूमचं काय सांगावं! सकाळी सात वाजता गाडी द्यायची आणि चार वाजेपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या नव्या गाड्यांची चित्रं बघायची. एकदा त्यांनी गाडी नुसती धुऊन दिली. एकदा परत आली तेव्हा मागच्या सीटखाली कोंबडीची हाडं सापडली, म्हणजे तपासायला नेलेल्याचं जेवण तरी नीट झालं होतं. सर्व्हिसचा मॅनेजर कालिओवा नावाचा तिशीचा तरुण. पांढरा शर्ट, टाय, केसांना तेल नाही तर आणखी काहीतरी चमकणारं. तो गोड हसून म्हणायचा, "काका, आमचा माणूस स्वतः फिरवून आला. मस्त पळते. कधीकधी चालवणाऱ्याची सवय असते हो." मला त्याचा टाय धरून ओढावासा वाटायचा. मामा मात्र मान हलवून कागद घ्यायचा, घडी घालायचा आणि बायबलमध्ये ठेवायचा.

खरी ठिणगी पडली गेल्या वर्षीच्या गायनस्पर्धेच्या दिवशी. चढावर गाडी तीनदा थांबली. आम्ही पोचलो तेव्हा परीक्षक चहा पीत होते आणि बक्षिसं वाटून झाली होती. घरी आल्यावर अख्खं पथक पडवीत बसलं असताना मामी म्हणाली, "माणसं बसली की मरते ती. रिकामी असली की नाही मरत. त्यांना सांग, भरून बघा म्हणावं."

मामा उठला, बायबल घेऊन आला, त्यातून तेव्हाचा ताजा, तिसरा कागद काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला: "दोष आढळला नाही. हा बघ शिक्का."

मामीनं हातातला कप खाली ठेवला. "बरं. गाडीत नाही ना दोष? मग आमच्यात असेल."

दुसऱ्या दिवसापासून मामी बसनं जाऊ लागली. भांडण नाही, अबोला नाही. त्याचा कसावा उकडून द्यायची, त्याच्या थट्टेला हसायची, फक्त व्हॅनमध्ये पाऊल ठेवायची नाही. आणि आमचा मामा काय करायचा? दर तालमीला बसच्या मागोमाग रिकामी व्हॅन घेऊन जायचा. पुढं खिडकीशी मामी, मागं वीस हातांवर हा, आणि शेजारच्या सीटवर ती चटई. वर्षभर हे बघून मला कधी रडू यायचं, तर कधी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची. गाडी दुरुस्त होवो की समुद्रात जावो, मला पर्वा नव्हती. मामी पुन्हा त्या सीटवर बसायला हवी होती, आणि मामालाही तेवढंच हवं होतं.

यंदाची स्पर्धा शनिवारी होती. बुधवारी मामा सातव्यांदा शोरूमला निघाला, तेव्हा मी शाळेतून रजा काढून त्याच्याबरोबर गेले. मी शिक्षिका, तीन पानी तक्रारअर्ज लिहिला होता, लाल शाईनं अधोरेखित करून.

"मिलिका, भांडू नकोस हं," मामा वाटेत म्हणाला. "कामावरची माणसं आहेत."

"कामावर असती तर भांडले नसते," मी म्हटलं.

इथं एक सांगायला हवं. आमच्यात माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग नाव. पण त्या शोरूमच्या वरच्या साहेबांनी नियम केला होता: काउंटरवर गाव विचारायचं नाही, नाती निघतात आणि कामाचा खोळंबा होतो. कालिओवा तो नियम इमानानं पाळत होता, आणि मामा कुणी विचारल्याशिवाय स्वतःचं सांगणारा नव्हता. म्हणून दीड वर्ष हे दोघे काउंटरच्या दोन बाजूंना परक्यासारखे उभे होते.

मी अर्ज पुढं सरकवला. कालिओवा पहिली ओळ वाचतो न वाचतो तोच त्याचा फोन वाजला. त्यानं पाठ फिरवून हळूच म्हटलं, "हो गं आई, रविवारी येतो ना गावी, वाइतोवूला. हो, छपराचे पत्रे घेऊनच येतो."

मामाचे कान टवकारले. त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले. आणि ज्या माणसानं दीड वर्षात तिथं आवाज चढवला नव्हता, तो अख्खं शोरूम दणाणेल असा ओरडला, "अरे ए चिखलखेकड्या!"

सगळे थिजले. दारावरचा रखवालदार आत आला. मला वाटलं, झालं, आमच्या मामाचं डोकं फिरलं.

कालिओवा सावकाश वळला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हसू दाबताना लाल झाला. "काका... तुम्ही त्या बेटावरचे?"

"काका कुणाला म्हणतोस रे? तुझ्या देवाचं मडकं आमच्या देवानं पळवलं तेव्हा तुझा आजा खारफुटीत चिखल चिवडत होता!"

"मेलो!" कालिओवानं कपाळावर हात मारला. "दीड वर्ष मी या नारळचोराला साहेब-साहेब करतोय!"

आमच्या बेटाचं आणि वाइतोवूचं नातं ताउवूचं. दोन्हीकडचे मूळ देव भाऊ होते म्हणतात, एकमेकांच्या वस्तू पळवणारे. म्हणून आजही तिथला माणूस भेटला की त्याला वाट्टेल ते बोलावं आणि त्याची हवी ती वस्तू उचलावी. त्यानं हसतच राहायचं. रागावला तर सात पिढ्या हसतील त्याला.

मामानं आधी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. मग त्याचा डबा उघडला, त्यातला मासा वास घेऊन पाहिला आणि माझ्या हातात दिला. मग टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. बाहेर कालिओवाची स्वतःची नवी कोरी, निळी, डबल कॅबिनची गाडी उभी होती.

"ए म्हाताऱ्या, ती नको!" कालिओवा कळवळला. "अजून सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही!"

"मी काढतो," मामा म्हणाला आणि स्वतःच्या किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या. "शनिवारी सकाळी आमची व्हॅन घेऊन माझ्या दारात ये. गायनपथकाला तू नेशील. टाय घालून ये, ड्रायव्हर शोभला पाहिजेस."

माझा तीन पानी अर्ज तसाच राहिला.

त्या स्पर्धेत आम्ही तिसऱ्या आलो, ते आत्ताच सांगून टाकते, कारण खरी गोष्ट वाटेतच झाली. शनिवारी मामीला निळ्या गाडीत बसवायला मामानं दार उघडून धरलं. ती बसली, पण मागं. मामाचा चेहरा एवढासा झाला. पथकातल्या बाकी दहाजणी आणि मी व्हॅनमध्ये कोंबलो. चटईची सीट रिकामीच होती. कालिओवा टाय सावरत मोठ्या रुबाबात चालवत होता. "बघा, कशी पळतेय! मी म्हणत नव्हतो?"

चढाच्या मध्यावर व्हॅननं मान टाकली.

"चालवणाऱ्याची सवय असते हो कधीकधी," मागून एक बाई म्हणाली, आणि बाकीच्या पोट धरधरून हसल्या.

आम्ही उतरलो. गाडी सुरू. बसलो. चार हात जाऊन बंद. पुन्हा उतरलो, सुरू. पुन्हा बसलो, बंद. कालिओवाचं हसणं थांबलं होतं. आता पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत कामाचा माणूस दिसला मला. "कुणी उतरू नका," तो म्हणाला, चाकांमागं दगड लावले आणि पांढऱ्या शर्टानिशी सरळ गाडीखाली शिरला. पुढं गेलेली निळी गाडी थांबली आणि मामा धावत मागं आला. बायकांनी तेवढ्यात भजन धरलं, दुसऱ्या कडव्यापासून.

कालिओवा बाहेर आला तो गुडघ्यापासून गालापर्यंत काळा. गळ्यात टाय नव्हता.

"मागची स्प्रिंग मऊ आहे. भारानं गाडी बसली की पेट्रोलच्या पंपाची वायर चिमटते. भार उतरला की सुटते. टायनं वर बांधलीय, आज पोचाल. सोमवारी मी स्वतः नीट करतो."

"म्हणजे काय ते सरळ सांग," मामा म्हणाला.

कालिओवानं मान खाली घातली. "म्हणजे, माणसं बसली की मरते ती. रिकामी असली की नाही मरत. आमचा माणूस एकटाच फिरवून आणायचा."

 मामानं काखेतलं बायबल उघडलं, त्यातला वरचा कागद उलटा केला आणि बुधवारी पळवलेलं पेन कालिओवाला परत दिलं. "हेच लिही. शब्द न् शब्द."

त्यानं लिहिलं.

"शिक्का?"

कालिओवानं ग्रीसनं माखलेला अंगठा कागदावर दाबला.

मामा कागद घेऊन चढानं निळ्या गाडीपाशी गेला. भजन आपोआप थांबलं, आम्ही सगळ्या खिडक्यांतून माना काढून बसलो होतो. त्यानं कागद मामीसमोर धरला आणि गेल्या वर्षीसारखाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.  मग म्हणाला, "उनाइसी, सहा वेळा कागदाचं ऐकलं. तुझं एकदाही नाही. चुकलो मी."

मामीनं कागद घेतला, अंगठा नीट निरखला, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. गुडघ्यावर हात देऊन खाली उतरली. चालत व्हॅनपाशी आली. पुढचं दार उघडलं, चटई उचलली आणि दोनदा जोरानं झटकली.

"किती ही धूळ! वर्षभर कुणाला झटकावीशी वाटली नाही?"

"हात लावायचा नाही म्हटलं होतं ना," मामा म्हणाला, "तू येईपर्यंत."