पडद्याशेजारचं माझं फ्रेंच

सिंगापूरमध्ये मी बायकोच्या नोकरीवर मिळालेल्या व्हिसा-पासवर राहत होतो. तिचा करार वाढला तर आम्ही बेडोकच्या फ्लॅटमध्ये, नाहीतर सामानासकट पुण्यात. सही करायची होती तिच्या ऑफिसातल्या फ्रेंच मॅडमनी. सही अडलेली असतानाच मॅडमनी आम्हाला त्यांच्या फिल्म क्लबात बोलावलं.

सिनेमा अगदी सुरुवातीच्या बोलपटांतला. आफ्रिकेतल्या वसाहतीत आलेला फ्रेंच अधिकारी तिथल्या मुलीच्या प्रेमात पडतो. सबटायटल्स आलीच नव्हती. मॅडम हळहळल्या, तशी आमची ही म्हणाली, "माझ्या नवऱ्याला येतं ना फ्रेंच!"

"अगं, शाळेतलं आहे ते," मी कुजबुजलो.

"त्यावरच तर दहावीत मिरवलास. ऊठ!"

पुण्यात आम्ही फ्रेंच घ्यायचो ते मार्कांसाठी. त्या भाषेत कुणी बोलतंही, हे कधी मनात आलं नव्हतं. मी माईक घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो. पडद्यावरून नुसती खरखर. त्यातून मला "नमस्कार" तेवढा कळला. पुढचं मी चेहरे बघून इंग्रजीत ठोकत गेलो. अधिकारी नदीकडे बघायचा, मी सांगायचो, "नदी सुंदर आहे." मॅडम पहिल्या रांगेतून टक लावून बघत होत्या.

मग ती मुलगी पहिल्यांदाच बोलली, सलग, रडत. मी एका दमात सांगून टाकलं, "तुमच्याशिवाय मी जगणार नाही, मला पॅरिसला न्या!"

मॅडमनी हात वर केला. "हे फ्रेंच नाही. ती तिच्या भाषेत बोलतेय. मलाही कळत नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो, आणि भीतीने तोंड सुटलं ते सुटलंच, "आधीचंही कळलं नव्हतं."

मॅडमनी माईक घेतला आणि उरलेला सिनेमा स्वतः सांगितला. मी जागेवर येऊन बसलो. बायको माझ्याकडे बघेना. अधिकारी बोटीत चढला, मुलगी किनाऱ्यावर राहिली. लोक तिच्यासाठी हळहळले; मी मनातल्या मनात आमच्या बॅगा भरत होतो.

निघताना मॅडम दारातच उभ्या. मी बायकोच्या आडून सटकणार, तोच हाक आली.

"पुढच्या वर्षी तुम्ही फक्त बघायला या हं."

"पुढच्या वर्षी?" बायकोने विचारलं.

"मग? सोमवारी सही करतेय मी तुझ्या करारावर."

बायको आभार मानायला थांबली. मॅडमचा विचार बदलायच्या आत मी तिला जवळजवळ ओढतच एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे नेलं.